तोंडी जबाब

'शांती असो,' असं पाळक म्हणाले आणि सगळं चर्च नेहमीसारखं मागे-पुढे वळलं, खोकलं, हसलं, एकमेकांचे हात हातात घेऊ लागलं, तेव्हा त्याचाही हात सवयीने पुढच्या बाकाच्या पाठीवरून पलीकडे गेला आणि तिथे कोणीच नव्हतं. एवढंच झालं. पुढच्या बाकावर बसणारं एक म्हातारं माणूस एखाद्या रविवारी जागेवर दिसलं नाही म्हणून काही आभाळ कोसळत नाही. पण हात गेला तो गेलाच, आणि परत कसा आणावा हे त्याला कळेना. बायकोने ते पाहिलं. तिने तो हात पटकन स्वतःच्या हातात घेतला, 'शांती असो' म्हणाली आणि मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, 'मागे बघू नका. त्या मागे बसल्यात.' बघू नका म्हटल्यावर कोण बघत नाही? त्याने बघितलं. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर, जिथे उपासनेनंतर सूप आणि पाव मिळतो म्हणून आलेली माणसं कोटसुद्धा न काढता बसतात, तिथे मेणमावशी बसल्या होत्या. शेजारच्या दाढीवाल्या माणसाने त्यांच्यापुढे हात केला, तो त्यांनी नीट दोन्ही हातांत धरला, काहीतरी बोलल्याही. म्हणजे शांती द्यायची त्यांनी सोडली नव्हती. त्याला द्यायची तेवढी सोडली होती. पुढचं सगळं गाणं तो नुसते ओठ हलवत उभा राहिला.

मेणमावशी हे नाव कोणी ठेवलं कोण जाणे, पण त्यांना दुसरं नाव होतं हे चर्चच्या मंडळीतली निम्मी माणसं विसरूनच गेली होती. उपासना संपली की त्या बोथट सुरी घेऊन मेणबत्त्यांच्या पितळी स्टँडपाशी जायच्या, ओघळून थिजलेलं मेण खरवडायच्या, कागदात बांधून घरी न्यायच्या आणि वितळवून, दोरा घालून, त्याच्या बुटक्या-वाकड्या मेणबत्त्या करून परत आणायच्या. त्या मेणबत्त्या धूर करायच्या, मध्येच विझायच्या. पाळक त्या निमूट लावायचे, कारण न लावून मावशींना तोंड कोण देणार. गाण्यात त्या सगळ्यांच्या अर्धी ओळ पुढे असायच्या. ऑर्गन वाजवणारे मास्तर वैतागून मान वळवायचे तर मावशी नंतर त्यांनाच ऐकवायच्या, 'मी काय करू मास्तर, तुम्ही सगळे मागे राहता.' सगळी हयात हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करण्यात गेलेली. नवरा लवकर गेला, एक मूल झालं ते राहिलं नाही. ह्या गोष्टी त्या कोणाला सांगत बसायच्या नाहीत. सांगायच्या त्या दुसऱ्यांच्याच: कोणाची सून बाळंत व्हायची आहे, कोणाचा पाय मोडला, कोणाच्या मुलाने नोकरी सोडली. 'आपल्यातली ती,' 'आपल्यातला तो,' असं म्हणत म्हणत सगळी मंडळी त्यांनी मनात नात्यागोत्याने बांधून टाकली होती. त्याला तर त्या लहानपणापासून अरे-तुरे करायच्या. पुढच्या बाकावरून वळून हात धरायच्या आणि म्हणायच्या, 'शांती असो रे बाळा. हात किती गार तुझे, जेवतोस ना वेळेवर?' केस पिकलेल्या, गुडघे दुखणाऱ्या, हाताखाली माणसं असलेल्या माणसाला बाळा म्हणणारं जगात दुसरं कोणी उरलं नव्हतं. हे त्याला इतकी वर्षं जाणवलं नव्हतं. आज जाणवलं, आणि ह्या वयात असलं काही जाणवावं ह्याची त्याला लाजही वाटली.

पाळकांचं प्रवचन चालू होतं. त्याचं अर्धं चित्त बापाकडे गेलं होतं. बाप उपदेशक होता, पगार नावापुरता, आणि दारी आलेल्याला नाही म्हणायची त्याच्या जिभेला सवयच नव्हती. घरातलं पातेलं उचलून तो दुसऱ्याच्या ताटात उपडं करायचा आणि मग मुलांच्या सूपमध्ये आई पाणी वाढवायची, तोंडातून एक अक्षर न काढता. एका थंडीत त्याने घरातलं सगळं जळण कोणा कुटुंबाला देऊन टाकलं. धाकटी बहीण तेव्हा तापाने फणफणली होती, आणि तिची छाती तेव्हापासून अधू ती अधूच राहिली. बापाला ह्याचं वाईट वाटायचं. बाप रडायचाही. पण पुढच्या आठवड्यात दार वाजलं की पुन्हा तेच. ह्याहून एक गोष्ट त्याच्या मनात रुतून बसली होती, ती म्हणजे घेणाऱ्यांच्या माना. बाप आधी प्रार्थना करायचा, मग द्यायचा. आणि तेवढा वेळ ती माणसं दारात मान खाली घालून उभी राहायची. एकदा त्याच्याच वर्गातल्या मुलीचा बाप तसा उभा होता. त्या माणसाने डोळे उचलून ह्याच्याकडे पाहिलं आणि लगेच खाली केले. त्या दिवशी त्याने ठरवलं, म्हणजे ठरवलं असं त्याला पुढे वाटत आलं, की गरिबाला मिळायचं ते कोणाच्या दयेने मिळता कामा नये. नळ सोडला की पाणी यावं. त्यासाठी नळाच्या पाया पडावं लागू नये. देवावरचा त्याचा विश्वास कधी उडाला नाही. फक्त देवाने हे काम सरकारी कचेरीकडून करून घ्यावं, असं त्याचं मत झालं, आणि तो अर्थशास्त्र शिकून त्या कचेरीत लागला.

कचेरीत तो चांगलं काम करायचा, हे त्याच्या वैऱ्यानेही कबूल केलं असतं. ज्यांचं कोणी नाही अशा वृद्धांना दरमहा भत्ता मिळायचा. त्याला सगळे 'एकट्यांचा भत्ता' म्हणायचे. पूर्वी त्यात सगळा बाजार होता. दलाल लोक म्हाताऱ्यांच्या वतीने अर्ज करायचे, मेलेल्या माणसांचा भत्ता वर्षानुवर्षं उचलायचे, आणि ज्यांची धडधाकट मुलं घर बांधून राहिली आहेत तेही एकटे म्हणून मिरवायचे. तेव्हा एका बैठकीत ह्यानेच सुचवलं होतं की वर्षातून एकदा माणसाने स्वतः यावं आणि स्वतःच्या तोंडाने, पूर्ण वाक्यात सांगावं: माझं म्हणावं असं ह्या जगात कोणी नाही. नुसतं हो-नाही चालणार नाही, मान हलवून चालणार नाही. एकाने विचारायचं, दुसऱ्याने कानाला हेडफोन लावून ऐकायचं, रेकॉर्डरवर आवाज घ्यायचा. ह्याला तोंडी जबाब म्हणायचं ठरलं. वरच्या साहेबांनी पाठ थोपटली. दलाल खरोखरच हटले, आणि जो पैसा वाचला तो खऱ्या एकट्या माणसांकडे गेला. त्याला ह्या गोष्टीचा अभिमान होता, आणि का नसावा? बापाच्या सगळ्या आयुष्यात जेवढी पोटं भरली नसतील तेवढी त्या एका वाक्याने भरली होती. खोली लहान होती, खिडकीला जाळी होती, आणि माणसं ते वाक्य कसं म्हणतात ह्याकडे तो पहिल्या वर्षानंतर लक्ष देईनासा झाला होता. काही जण घाईने म्हणायचे. काही जण पाठ केल्यासारखं. एक म्हातारा प्रत्येक वेळी हसत हसत म्हणायचा.

मावशींना हा भत्ता इतकी वर्षं जुन्या पद्धतीने, पाळकांच्या शिफारशीवर मिळत होता. ह्या वर्षी त्यांना पहिल्यांदाच जबाबाला यावं लागलं, आणि त्या आल्या त्या नेमक्या त्याच्या टेबलापुढे. ओळखीच्या माणसाचा जबाब घेऊ नये असा नियम नव्हता, कारण तो करायचं कोणालाच सुचलं नव्हतं, त्यालाही नाही. मावशींनी चांगला कोट घातला होता, खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या आणि पर्समधून पेपरमिंटची गोळी काढून आधी हेडफोनवाल्या बाईला, मग त्याला देऊ करत होत्या. त्याने रेकॉर्डर चालू केला आणि नेहमीच्या सुरात विचारलं, 'तुमचं म्हणावं असं कोणी आहे का?' मावशी त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग हसल्या. 'काय रे हे, तू विचारतोस? आहेत की. सगळी मंडळी आहे. तू आहेस.' हेडफोनवाल्या बाईने चमकून वर पाहिलं. त्याने रेकॉर्डर बंद केला, पण जे घेतलं गेलं ते पुसायची सोय त्यात ठेवलेली नव्हती. तीही त्याचीच सूचना होती. त्याने समजावून सांगितलं, की इथे कोणी म्हणजे घरचं कोणी, खायला घालणारं, जबाबदारी घेणारं. मावशींनी मन लावून ऐकलं. 'कळलं,' त्या म्हणाल्या, 'पण कोणी नाही असं कसं म्हणू? मी रोज सकाळी उठून देवाला म्हणते, बापा, तू मला माणसं दिलीस, तुझे आभार. आणि इथे येऊन म्हणू की नाही दिलीस? मला खोटं पाडशील तू.' त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना मनापासून गंमत वाटत होती की एवढ्या मोठ्या कचेरीला असला वेडगळ प्रश्न पडावा. त्या महिन्यापासून भत्ता थांबला. पुन्हा जबाब देण्याची मुदत पुढच्या महिन्यात होती.

मग मधला तो महिना. मंडळीच्या वडीलजनांच्या बैठकीत त्यानेच विषय काढला, आणि सगळ्यांना भरून आलं. म्हणजे खरोखर भरून आलं. त्यात काही नाटक नव्हतं. एक जण म्हणाला, आपण असताना मावशींना कचेरीचं तोंड बघायची गरजच काय. एकीने तिथल्या तिथे आठवड्यांची वाटणी केली. पहिल्या आठवड्यात मावशींच्या खोलीवर इतकं अन्न गेलं की त्यांनी ते खालच्या मजल्यावरच्या चांभाराला आणि त्याच्या कारागिरांना वाटलं. दोन घरांतून तर केकच आले. दुसऱ्या आठवड्याचं घर प्रवासाला गेलं होतं, त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं होतं, शेजारी विसरले. तिसऱ्या आठवड्याचं घर आपला आठवडा चौथा आहे असं धरून चाललं होतं. कोणी वाईट नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं की दुसरं कोणी बघत असेल. आणि मावशी रविवारी पुढच्या बाकावर बसायच्या, वळून हात धरायच्या, सगळ्यांची विचारपूस करायच्या, आणि स्वतःचं काही सांगायच्या नाहीत. ज्यांची माणसं आहेत त्यांनी तक्रार कशाची करायची, असा त्यांचा हिशेब. तो मनात म्हणायचा, हे असंच होणार होतं. दया अशीच असते, दमते बिचारी. म्हणूनच तर कचेरी पाहिजे. आणि हे म्हणताना त्याला, कबूल करायचं तर, थोडं बरंही वाटायचं, बापाशी लहानपणापासून चाललेलं भांडण आपण जिंकतो आहोत असं काहीतरी.

एका संध्याकाळी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मुलगी दुसऱ्या शहरात गेल्यापासून मागची खोली रिकामी होती. तिथे आता इस्त्रीचं टेबल आणि जुन्या पेट्या होत्या. घडी घालता घालता, त्याच्याकडे न बघता बायको म्हणाली, 'मागची खोली रिकामीच आहे तशी.' एवढंच. त्याने ऐकलं. ती कशाबद्दल बोलते आहे हे त्याला शंभर टक्के कळलं, आणि त्याला ती खोली दिसली: मेणाचा वास, धुरकट वाकड्या मेणबत्त्या, सकाळी अर्धी ओळ पुढे असलेलं गाणं, बाथरूमच्या दारापाशी थांबणं, आजारपण, औषधांच्या वेळा, रोज, रोज. रविवारी बाकाच्या पाठीवरून हात धरणारी म्हातारी निराळी, आणि रोज सकाळी टेबलाच्या पलीकडे बसणारी निराळी. तो म्हणाला, 'एकदा भत्ता सुरू झाला की प्रश्नच राहणार नाही.' बायकोने घडी पूर्ण केली. 'बरोबर आहे,' ती म्हणाली, आणि तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. नंतर अनेकदा त्याच्या मनात आलं की तिने थोडा हट्ट धरायला हवा होता. मग वाटे, हे बरं आहे, तेही तिच्यावरच ढकला.

जबाबाच्या आधीच्या दिवशी तो मावशींच्या खोलीवर गेला. चांभाराच्या दुकानावरून लाकडी जिना चढून जावं लागायचं, खालचा सरसाचा वास वरपर्यंत यायचा. मावशी कोट घालून, पाय पांघरुणात घेऊन पलंगावर बसल्या होत्या. शेगडी विझलेली होती. त्याला बघून त्यांना इतका आनंद झाला की त्याला खाली बसवेना. मालकीणबाई चांगल्या आहेत, मावशी म्हणाल्या, भाड्यासाठी ह्या महिन्यापुरत्या थांबल्यात, पुढे त्यांना खोली भाचीला द्यायची आहे. पण आपल्यातलं कोणीतरी बघेलच. तो म्हणाला, 'मावशी, कोणी बघणार नाही.' हे इतकं स्पष्ट बोलायचं त्याने ठरवलं नव्हतं. मग त्याने बरोबर आणलेला पाव कापून त्यांच्यापुढे ठेवला आणि समजावू लागला. तो चांगलं समजावतो; ते त्याचं कामच आहे. 'हे काही देवाला सांगायचं नाही, मावशी. कचेरीला सांगायचंय.'

'देव कचेरीत येत नाही वाटतं?'

'कचेरीत मी असतो.'

'तेच तर,' मावशी म्हणाल्या, 'म्हणून अवघड जातं.' आणि दोघंही हसले. मग त्याने सांगितलं की हे नुसते शब्द आहेत, सही करतो तसे. सही केली म्हणजे माणूस काही त्या कागदात जाऊन बसत नाही. एक वाक्य, की पुढच्या वर्षापर्यंत खोली तुमची, जळण तुमचं, कोणाच्या केकची वाट बघायला नको. मावशी पावाचा तुकडा हातात धरून होत्या, खात नव्हत्या. मग त्या म्हणाल्या, 'बाळा, तूच सांग. मी खरंच तसं म्हणू? तुला चालेल?' खालून हातोडीचा आवाज येत होता, चांभार टाचेला खिळे ठोकत होता. 'मला काय मावशी,' तो म्हणाला, 'चालेल की.' त्यांनी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि मान हलवली. तो जिना उतरला तेव्हा त्याला हलकं वाटत होतं. रस्त्यात त्याने शीळसुद्धा घातली.

दुसऱ्या दिवशी त्याने मुद्दामच त्यांचा जबाब स्वतःकडे घेतला, त्यांना परक्या माणसापुढे अवघडायला नको म्हणून. त्याने प्रश्न विचारला. मावशी टेबलाकडे बघत म्हणाल्या, 'माझं म्हणावं असं ह्या जगात कोणी नाही.' हेडफोनवाल्या बाईने मान हलवली. आवाज आला नव्हता. तो म्हणाला, 'जरा मोठ्याने, मावशी.' त्यांनी पुन्हा म्हटलं, पण मध्येच खोकला आला आणि 'कोणी' नंतरचं सगळं त्यात गेलं. बाई ओशाळून म्हणाली, 'पूर्ण वाक्य लागतं, सर.' ते त्याला माहीत होतं. त्याने काचेच्या भांड्यातलं पाणी ओतून दिलं, त्या प्यायल्या, त्याने रेकॉर्डरचा काटा पाहिला, बटण पाहिलं, बटणाशेजारचा तांबडा दिवा लागला आहे ना ते पाहिलं आणि म्हणाला, 'आणखी एकदाच. मोठ्याने.' तिसऱ्यांदा वाक्य खणखणीत आलं, शब्द न् शब्द, मागे कशाचीही खरखर नाही. इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग त्या आठवड्यात दुसरं झालं नव्हतं. बाई तसं म्हणालीही. मावशींनी पर्स उचलली. पेपरमिंट काढली नाही. त्याला वाटलं, दमल्या असतील. भत्ता त्याच आठवड्यात मंजूर झाला, मागच्या महिन्याचाही मिळाला, आणि संध्याकाळी त्याने घरी आल्या आल्या बायकोला सांगितलं, झालं एकदाचं. बायको म्हणाली, 'चला, सुटलो.' कोण कशातून सुटलं हे दोघांपैकी कोणीही विचारलं नाही.

आजची उपासना संपली. लोक बाहेर पडू लागले, मागच्या टेबलावर सूपचं मोठं पातेलं आलं, पाव आले. मेणबत्त्यांच्या स्टँडपाशी आज कोणी गेलं नाही. बायको दारात पाळकांच्या बायकोशी बोलत थांबली, आणि तो बाकांच्या मधल्या वाटेने मागे गेला. किती छोटं चर्च ते, पण चालता चालता त्याच्या मनात हजार गोष्टी येऊन गेल्या: की ह्या रागावल्या असतील तर समजूत काढता येईल, की ह्यांना आपण काय वाईट केलं, उलट, की गार वारा लागेल म्हणून पुढे बसा असं म्हणायचं, की काहीच न बोलता नुसता हात पुढे करावा. मावशी वाडगा घेऊन त्याच शेवटच्या बाकावर येऊन बसल्या होत्या. तो शेजारी बसला. दाढीवाला माणूस सरकला, त्याने जागा करून दिली.

'मावशी, पुढे का नाही बसलात आज?'

'इथे बरं आहे. पुढे मंडळी बसते.'

'तुम्ही मंडळी नाही का?'

त्यांनी सूप ढवळलं. 'भत्ता आला,' त्या म्हणाल्या, 'वेळेवर आला. मालकीणबाईंनी भाचीला दुसरीकडे खोली बघायला सांगितलं. शेगडी पेटते. तुमचे उपकार आहेत, साहेब.'

तुमचे. साहेब. त्यात टोमणा असता तर त्याला बरं वाटलं असतं. टोमणा नव्हता. दारात मान खाली घालून उभी राहणारी माणसं बापाशी अशाच आवाजात बोलायची, त्याला तो आवाज ओळखू आला, आणि आपल्या कचेरीला तो आवाज जन्मात ऐकू यायचा नाही अशी त्याची समजूत होती. 'मला साहेब काय म्हणता, मावशी,' तो म्हणाला. त्यांनी विचारलं, 'मग काय म्हणू?' आणि त्या खरोखर उत्तराची वाट बघत राहिल्या, साहेब सांगतील ते म्हणायला तयार. आणि मग त्याच्या तोंडून ते बाहेर पडलं, महिनाभर अडून राहिलेलं, घाईघाईने, अर्धवट: आमच्याकडे चला, मागची खोली रिकामी आहे, इस्त्रीचं टेबल काढून टाकतो, आजच. बोलताना त्याचे डोळे भरून आले. तो ह्या क्षणी अगदी खरं बोलत होता. मेणाचा वास, गाणं, आजारपण, सगळं चालणार होतं त्याला.

मावशींनी चमचा वाडग्यात ठेवला. 'मग भत्ता बंद होईल,' त्या म्हणाल्या.

'होऊ दे बंद.'

'नको हो.' त्यांनी जरा विचार केला, त्याला वाईट वाटू नये असे शब्द शोधत असाव्यात. 'रागावून नाही म्हणत. पण भत्ता येतो. दर महिन्याला येतो. त्याला कोणी आठवण करून द्यावी लागत नाही.'

उभ्या आयुष्यात त्याने लोकांना हेच तर सांगितलं होतं, बैठकांमधून, जेवणाच्या टेबलावर, मनातल्या मनात बापाला. कोणीतरी ते शेवटी पटवून घेतलं होतं. तो कसाबसा म्हणाला, 'मावशी, ते वाक्य नुसतं कचेरीपुरतं होतं. मी तुम्हाला म्हटलं होतं.'

'मलाही तसंच वाटलं होतं,' मावशी म्हणाल्या. 'पहिल्यांदा म्हटलं ते कचेरीपुरतंच. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा तुम्ही मोठ्याने म्हणा म्हणालात, तेव्हा मी मान वर केली आणि तुमच्याकडे बघत म्हटलं. हळूहळू म्हटलं. मनात म्हटलं, आता हा पोरगा मध्येच बोलेल. म्हणेल, पुरे मावशी, मी आहे. एवढं म्हणेल आणि मग काय व्हायचं ते होवो.' त्या थांबल्या. 'तुम्ही तो दिवा बघत होतात.'

दाढीवाला माणूस दुसरीकडे बघू लागला होता. पातेल्यापाशी डावाचा आवाज होत होता. त्याला म्हणायचं होतं की आता म्हणतो, मी आहे, हे बघा म्हटलं. पण जे एकदा विशिष्ट वेळी म्हणायचं असतं ते नंतर म्हणून उपयोग नसतो, हे कळण्याइतकी अक्कल त्याला होती. मावशींनी त्याच्या बाहीवरची कसलीतरी धूळ झटकली, इस्त्री बिघडू नये अशा बेताने, हलक्या हाताने, आणि वाडगा पुन्हा उचलला.

'जा आता,' त्या म्हणाल्या. 'तुमची माणसं दारात खोळंबलीत.'

इथून उठायचं नाही, आज काही झालं तरी उठायचं नाही, असं त्याला अगदी स्पष्ट कळत होतं. बायकोने दारातून हाक मारली. तो उठला.